कंपनी खरंच झुकली का? परक्या सरकारच्या सेन्सॉरशिपचा माग कसा काढायचा

जुलै २०१८मध्ये एअर इंडियाच्या वेबसाइटवर तैवानचं नाव बदलून 'चायनीज तैपेई' झालं. त्यासाठी भारतात कुठला कायदा झाला नव्हता की कोर्टाचा निकाल लागला नव्हता. चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने २५ एप्रिल २०१८ रोजी ३६ परदेशी विमान कंपन्यांना एक पत्र पाठवलं होतं, तैवान हा चीनचाच भाग आहे असं दाखवा म्हणून. अमेरिकी सरकारने या मागणीवर जाहीर टीका केली. एअर कॅनडाने तैपेईपुढे चीनचा देश-कोड लावला. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी मुदत संपता संपता देशाचं नावच गाळलं आणि नुसतं शहर ठेवलं. पत्र एकच, पण प्रत्येकीने मान तुकवली ती वेगवेगळ्या अंशात. हा अंश मोजता आला पाहिजे. नाहीतर 'कंपनी विकली गेली' एवढं एकच वाक्य उरतं. ते कधी खरं असतं, कधी साफ खोटं, आणि दोन्ही वेळा ते फॉरवर्ड करणाऱ्याकडे पुरावा नसतो.

पुढची पद्धत पत्रकार, विद्यार्थी, भाषांतरकार आणि कंपनीत काम करणारे अशा सगळ्यांसाठी आहे. एक संगणक, एक फोन, परदेशात राहणारे दोन-तीन ओळखीचे लोक आणि एक दिवस हाताशी असला की बहुतेक प्रकरणांचा निकाल लावता येतो. उदाहरणं मुख्यतः चीनची घेतली आहेत, कारण बाजार मोठा आहे आणि नोंदी भरपूर आहेत. पद्धत मात्र रशिया, सौदी अरेबिया किंवा इतर कुठल्याही सरकारला तशीच लागू पडते.

आधी ठरवा: चारपैकी कुठला प्रकार?

पहिला प्रकार देशापुरत्या बंदीचा. सौदी अरेबियाने आपल्या सायबर गुन्हे कायद्यातल्या कलम ६चा हवाला देऊन नेटफ्लिक्सला लेखी विनंती केली, आणि नेटफ्लिक्सने अमेरिकी विनोदवीर हसन मिन्हाजच्या कार्यक्रमाचा एक भाग त्या देशापुरता काढला. जानेवारी २०१९च्या सुरुवातीला ही बातमी फुटली. बाकी जगात तो भाग दिसत राहिला.

दुसरा प्रकार जगभर पुसण्याचा. फेब्रुवारी २०१८मध्ये मर्सिडीज-बेंझने इन्स्टाग्रामवर दलाई लामांचं एक निरुपद्रवी वचन टाकलं, ओरड होताच काढलं आणि माफी मागितली. इन्स्टाग्राम चीनमध्ये बंदच आहे, म्हणजे ती पोस्ट मुळात चिनी ग्राहकांसाठी नव्हती. तिथल्या सरकारला न रुचणारी गोष्ट इथल्या, नाशिक-कोल्हापूरच्या फोनवरूनही गेली. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एकात कंपनी दुसऱ्याच्या घरात त्याचे नियम पाळते, दुसऱ्यात ते नियम तुमच्या घरात आणते.

तिसरा प्रकार कुणी न सांगता आधीच गाळण्याचा. चौथा, माणसाला शिक्षा करण्याचा. जानेवारी २०१८मध्ये मॅरियट हॉटेल कंपनीने ग्राहकांच्या प्रश्नावलीत तिबेट, हाँगकाँग, मकाव आणि तैवान हे वेगळे देश म्हणून छापले. शांघायच्या अधिकाऱ्यांनी कंपनीची चिनी वेबसाइट आणि ॲप आठवडाभर बंद ठेवलं. कंपनीच्या खात्यावरून तिबेटवाद्यांच्या ट्वीटला 'लाइक' गेलं म्हणून अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या एका कर्मचाऱ्याची नोकरी गेली.

एकाच प्रकरणात दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. प्रत्येकाची वेगळी नोंद करा, कारण प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे.

पहिलं काम: जे दिसतंय ते गोठवा

कंपनीला सुगावा लागला की पान बदलतं, म्हणून प्रश्न विचारण्याआधी नोंद करा. जुनी वेबपानं साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाउ' या चौकटीत पानाचा पत्ता टाका. तयार झालेल्या दुव्यात १४ आकडे दिसतील: साल ४, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद प्रत्येकी २. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळेसाठी ५ तास ३० मिनिटं मिळवा. इथे चूक फार होते: ३ जुलैला २०:३० अशी नोंद असेल तर आपल्याकडे ४ जुलैची पहाट, २ वाजलेले असतात. 'माफी आधी की बदल आधी' हा वाद असेल तर या साडेपाच तासांत सगळा निकाल फिरतो.

जुनं रूप शोधताना त्याच पत्त्याच्या कॅलेंडरवर जा आणि बदलाच्या अलीकडची व पलीकडची सर्वांत जवळची नोंद उघडा. 'चेंजेस' या सोयीत दोन नोंदी शेजारी-शेजारी येतात आणि फरक रंगवून दिसतो. मग 'अबाउट धिस कॅप्चर' उघडा. पानाचा मजकूर एका तारखेचा आणि त्यातलं चित्र दुसऱ्या तारखेचं असणं अगदी नेहमीचं आहे. नकाशाचं प्रकरण असेल तर ही तपासणी टाळूच नका.

देश निवडायची यादी, म्हणजे विमान तिकीट काढताना खाली उघडणारी ती लांब पट्टी, वेबॅकमध्ये बहुतेकदा साठत नाही, कारण ती पान उघडल्यावर वेगळ्या ठिकाणाहून येते. तिथे स्क्रीनचं रेकॉर्डिंग करा: आधी संगणकाचं घड्याळ, मग पत्त्याची ओळ, मग यादी हळूहळू खाली. नुसता स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, रेकॉर्डिंग बनवणं त्यामानाने अवघड. फाइल तयार झाली की तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा ठसा-क्रमांक, काढून स्वतःलाच ईमेल करा. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे पुढे कुणी 'तुम्ही छेडछाड केली' म्हणालं तर उत्तर तयार असतं.

दुसरं काम: तीच गोष्ट चार ठिकाणांहून बघा

एक ठिकाण ज्या देशावर संशय आहे तिथलं, एक कंपनीच्या मायदेशातलं, एक भारत आणि एक ज्याचा या वादाशी काही संबंध नाही असा देश. सगळ्यांचा वेळ एकाच तासातला ठेवा. सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, कारण मधल्या सर्व्हरवर जुनी प्रत अडकून राहते.

व्हीपीएनवर, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं इंटरनेटला भासवणाऱ्या सोयीवर, पूर्ण भरवसा नको. पुष्कळ कंपन्या व्हीपीएनचे पत्ते ओळखून वेगळंच पान दाखवतात. शिवाय ब्राउझरची भाषा, खात्यात नोंदवलेला देश आणि फोनचं सिम हे तिन्ही खरं ठिकाण सांगून टाकतात. त्यापेक्षा न्यू जर्सीतली आत्तेबहीण किंवा लंडनमधला वर्गमित्र घरच्या वायफायवरून तेच पान उघडून दाखवेल तो पुरावा भक्कम. पण ज्या देशाची सेन्सॉरशिप तपासतो आहोत, तिथे राहणाऱ्या माणसाला हे काम सांगू नका. हाँगकाँगच्या ३० जून २०२०च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचं कलम ३८ तर तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसालाही लागू आहे. संयुक्त अरब अमिरातीत गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरल्याचं ठरलं तर २०१६च्या दुरुस्तीनुसार किमान ५ लाख दिरहम दंड होता. आपल्या उत्सुकतेची किंमत दुबईतल्या मामेभावाने मोजायची नाही.

ॲप असेल तर काम सोपं. ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या दुव्यात कंपनीच्या पत्त्यानंतर लगेच देशाची दोन अक्षरं असतात: भारतासाठी आय-एन, चीनसाठी सी-एन, अमेरिकेसाठी यू-एस, हाँगकाँगसाठी एच-के. फक्त ती दोन अक्षरं बदलून पान उघडा. एका दुकानात ॲप आणि दुसऱ्यात 'पान सापडत नाही' असं आलं तर फरक नोंदवा. जुलै २०१७मध्ये ॲपलने चीनच्या स्टोअरमधून व्हीपीएन ॲप्स काढायला सुरुवात केली. त्या वर्षात एकूण ६७४ काढल्याचं कंपनीने नंतर अमेरिकी सिनेटरांना कळवलं. एप्रिल २०२४मध्ये तिथूनच व्हॉट्सॲप, थ्रेड्स, सिग्नल आणि टेलिग्राम गेले. ग्रेटफायर या गटाची ॲपल सेन्सॉरशिप नावाची वेबसाइट हीच तुलना एका वेळी सगळ्या देशांसाठी करून देते, पण तिचा निकाल स्वतः दुवा उघडून पडताळा.

फोनवरच करता येणारी एक चाचणी: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल, मग लँग्वेज अँड रीजन, तिथे रीजन हाँगकाँग करा आणि इमोजींमध्ये तैवानचा झेंडा शोधा. २०१९मध्ये तो हाँगकाँग आणि मकावच्या कीबोर्डवरून गायब झाला. दुसऱ्याने पाठवला तर दिसत होता, कीबोर्डच्या इमोजी-यादीत मात्र सापडत नव्हता. चाचणीसोबत फोनच्या प्रणालीचा आवृत्ती क्रमांक लिहाच, कारण असे बदल आवृत्तीगणिक येतात-जातात.

काही गाळलं गेलं असेल तर शेजारची गोष्ट तपासायला विसरू नका. नोव्हेंबर २०२१मध्ये डिझ्नी प्लस हाँगकाँगमध्ये सुरू झालं, तेव्हा 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेच्या १६व्या सीझनमध्ये ११व्या भागानंतर थेट १३वा होता. मधल्या १२व्या भागात मालिकेतलं कुटुंब बीजिंगच्या तियानआनमेन चौकात जातं, जिथे १९८९मध्ये लष्कराने आंदोलन चिरडलं होतं. प्रसारणाचे हक्क सहसा सीझनच्या हिशेबाने विकले जातात, एकेका भागाच्या नाही. म्हणून शेजारचे दोन भाग असणं हाच इथला पुरावा. उलट एखादी मालिका पूर्णच दिसत नसेल तर बहुतेक वेळा कारण हक्कांचं असतं, सेन्सॉरचं नाही. शाळेत गाळलेल्या जागा भरताना आपण मागचा-पुढचा शब्द बघायचो, तसंच हे.

आपल्याकडचीही एक तुलना हात बसवायला करून बघा. गूगल मॅप्सवर काश्मीरची सीमा भारतातून अखंड रेषेची दिसते आणि बाहेरून तुटक. आपल्या १९६१च्या कायद्यानुसार देशाच्या सीमांचा चुकीचा नकाशा छापणं गुन्हा आहे. हा पहिल्या प्रकारातला, देशापुरता बदल. परक्या सरकारांना जो नियम लावतो तो आपल्या सरकारला लावताना डोळे मिटले, तर पुढची सगळी तपासणी फुकट.

तिसरं काम: कंपनीचा हात कुठल्या दगडाखाली आहे?

अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या दरवर्षी 'टेन-के' नावाचा अहवाल देतात आणि तो एडगर या सरकारी संग्रहात फुकट मिळतो. त्यात दोन ठिकाणं वाचा. एक, 'रिस्क फॅक्टर्स'चा भाग: तिथे कंपनी स्वतःच लिहिते की अमुक सरकार नाराज झालं तर आपलं काय होईल. दोन, मागच्या टिपांमधली प्रदेशवार विक्री. ॲपलच्या २०२३च्या आर्थिक वर्षात एकूण विक्री सुमारे ३८३ अब्ज डॉलर होती आणि त्यातली 'ग्रेटर चायना'ची सुमारे ७२.६ अब्ज, म्हणजे जवळपास १९ टक्के. पण थांबा: ॲपलच्या 'ग्रेटर चायना'त हाँगकाँग आणि तैवानही येतात. 'ॲपलची १९ टक्के विक्री चीनमध्ये' असं वाक्य लिहिलंत तर जी चूक शोधायला निघालो तीच केली.

विक्री हा एकच दगड नाही. हॉलिवूडसाठी तो कोट्याचा होता: २०१२च्या अमेरिका-चीन करारानंतर चीनमध्ये उत्पन्नात वाटा मिळणाऱ्या परदेशी चित्रपटांची संख्या वर्षाला ३४ आणि वाटा २५ टक्के. एवढ्याच जागा असल्या की रांगेतला प्रत्येक जण आपोआप शहाण्यासारखा वागतो. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीला झटका बसला तो विक्रीच्या वाटांवर: चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तमजुरीबद्दल काळजी व्यक्त करणारं तिचं जुनं निवेदन मार्च २०२१मध्ये उकरून काढलं गेलं, आणि टीमॉल, जेडी अशा खरेदीच्या वेबसाइटवरून तिचा माल नाहीसा झाला. बायडू या चिनी शोधयंत्राच्या नकाशावर तिची दुकानं शोधूनही सापडेनात.

सर्वांत जड दगड म्हणजे तिथली माणसं आणि तिथला डेटा. रशियाने जुलै २०२१मध्ये कायदा केला की रोज ५ लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या परदेशी इंटरनेट कंपन्यांनी रशियात कार्यालय उघडावं. १७ सप्टेंबर २०२१ रोजी, तिथल्या संसदेचं मतदान सुरू झालं त्याच दिवशी, ॲपल आणि गूगल दोघांनी विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचं मतदान-सल्ल्याचं ॲप काढलं. स्थानिक कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याच्या धमक्या आल्याचं तेव्हाच छापून आलं होतं. डेटाची गोष्ट त्याहून जुनी आहे. याहूने दिलेल्या माहितीवरून पत्रकार शी ताओ यांना २००५मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. म्हणून यादी करताना विचारा: कार्यालय आहे का, किती माणसं, सर्व्हर कुणाच्या ताब्यात, स्थानिक भागीदार कोण. चीनमधल्या ग्राहकांचा आयक्लाउड डेटा फेब्रुवारी २०१८पासून ग्वेइजो प्रांताशी जोडलेल्या एका कंपनीमार्फत चालतो, हे ॲपलच्या स्वतःच्या अटींमध्ये वाचता येतं.

एक सावधगिरी. दगड सापडला म्हणजे हात दबलाच असं नाही. हेतू सिद्ध करायला ही पायरी पुरत नाही. पुढे कुठे खणायचं तेवढं ती सांगते.

चौथं काम: हुकूम होता का?

गूगल २०१०पासून सरकारांच्या मजकूर हटवण्याच्या मागण्यांचा 'पारदर्शकता अहवाल' देतं, ॲपलच्या अहवालात ॲप काढण्याच्या सरकारी मागण्या देशवार असतात. लुमेन या संग्रहात, जो हार्वर्डच्या बर्कमन क्लाइन केंद्रातून उभा राहिला, कंपन्यांनी स्वतःहून दिलेल्या मूळ नोटिसा शोधता येतात. पानाचा प्रतिसाद-कोडही बघा. ४०४ म्हणजे पान नाही, ४५१ म्हणजे कायदेशीर कारणाने रोखलं. ४५१ देणाऱ्या कंपन्या थोड्या, पण दिला असेल तर तो कबुलीजबाबच.

अहवालात काही नाही म्हणून दबाव नव्हता असं मात्र समजू नका. चीनमध्ये नियामक कंपनीच्या माणसाला भेटीला बोलावतो, त्याला 'युएतान' म्हणतात. चर्चा तोंडी होते, परदेशात ती कुठल्या रकान्यात मोजली जात नाही. तिचा माग काढायचा तर नियामकाच्या वेबसाइटवर किंवा सरकारी वृत्तसंस्थेत त्या आठवड्यात काय छापलं ते चिनी भाषेत शोधा. बऱ्याचदा नियामकच अभिमानाने जाहीर करतो की अमुक कंपनीला बोलावलं होतं.

पाचवं काम: माफीनामा दोन्ही भाषांत वाचा

४ ऑक्टोबर २०१९ रोजी ह्यूस्टन रॉकेट्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं ट्वीट केलं आणि काढून टाकलं. एनबीए या बास्केटबॉल लीगच्या इंग्रजी निवेदनाचा सूर होता की चीनमधल्या चाहत्यांना वाईट वाटलं ही खेदाची बाब. वेइबो या चिनी समाजमाध्यमावरच्या निवेदनात मात्र मोरींच्या 'अनुचित' वक्तव्याने आम्ही अत्यंत निराश झालो, असा अर्थ होता. फरक दाखवल्यावर लीगने इंग्रजी निवेदन तेच अधिकृत असं सांगितलं. चीनच्या सरकारी वाहिनीने सामन्यांचं प्रसारण थांबवलं ते जवळजवळ वर्षभर.

त्याच महिन्यात ब्लिझार्ड या गेम कंपनीने हाँगकाँगच्या एका खेळाडूला मुलाखतीत आंदोलनाची घोषणा दिली म्हणून एक वर्ष बाद केलं, बक्षिसाची रक्कमही अडवली. अमेरिकेतून कंपनीच्या अध्यक्षांनी लिहिलं की चीनशी असलेल्या संबंधांचा या निर्णयाशी काही संबंध नाही. चीनमधल्या खात्यावरचा सूर मात्र देशाच्या प्रतिष्ठेचं रक्षण करण्याचा होता. ओरड झाल्यावर बंदी सहा महिन्यांवर आली आणि बक्षीस परत मिळालं.

म्हणून माफीनाम्याचा तक्ता करा: कुठल्या भाषेत, कुठल्या खात्यावर, कुणाच्या सहीने, क्रियापद कुठलं, पुढे काय करण्याचं आश्वासन. दोन वेगळ्या माणसांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या आणि यंत्राचं भाषांतर फक्त शोधापुरतं वापरा. खेद वाटणं, निषेध करणं आणि चूक मान्य करणं या तीन गोष्टी यंत्र सर्रास एकमेकींत मिसळतं. 'चिनी जनतेच्या भावना दुखावल्या' ही ठरीव ओळ आली की समजा, मसुदा तिथल्या कार्यालयातून आला असण्याची शक्यता मोठी. भावना दुखावण्याची ही भाषा मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

माफीनंतरही पान बघत राहा. इंटेलने शिनजियांगमधला माल घेऊ नका असं पुरवठादारांना सांगणारं पत्र काढलं, २३ डिसेंबर २०२१ रोजी चिनी भाषेत माफी मागितली, आणि वेबसाइटवरच्या पत्रातून शिनजियांगचा उल्लेख गेला तो त्यानंतर, जानेवारी २०२२मध्ये. माफीच्या दिवशीच तपास बंद करणाऱ्यांच्या हातून खरी बातमी निसटते.

सर्वांत अवघड: जे कधी लिहिलंच गेलं नाही

पाण्यात राहून माशांशी वैर नको, हे कंपनीला कुणी सांगावं लागत नाही. या तिसऱ्या प्रकारात हुकूम नसतो, नोटीस नसते, पुसलेलं पानही नसतं. अशा वेळी एकाच गोष्टीच्या दोन अवस्था शोधा: आधीचा मसुदा आणि नंतरचा. चित्रपटासाठी ट्रेलर आणि प्रदर्शित प्रत, मूळ कादंबरी आणि पटकथा, चित्रीकरणाच्या वेळच्या बातम्या आणि अंतिम श्रेयनामावली. 'रेड डॉन'चं चित्रीकरण झालं तेव्हा अमेरिकेवर हल्ला करणारे चिनी होते. २०१२मध्ये चित्रपट पडद्यावर आला तेव्हा संगणकावर झेंडे आणि चिन्हं बदलून ते उत्तर कोरियाचे झाले होते. 'टॉप गन'च्या दुसऱ्या भागाच्या २०१९च्या ट्रेलरमध्ये नायकाच्या जाकिटावरचे जपान आणि तैवानचे झेंडे बदललेले होते. २०२२मध्ये चित्रपट आला तेव्हा ते परत आले होते, आणि तोवर टेन्सेंट या चिनी कंपनीने गुंतवणुकीतून अंग काढून घेतल्याची बातमी आली होती. पैसा गेला, झेंडा आला. क्रम सिद्ध आहे. कारण तेच असं लिहायचं असेल तर आतला माणूस किंवा कागद हवा.

असा कागद कधी कधी मिळतो. २०१४मध्ये सोनीचे ईमेल फुटले, तेव्हा 'पिक्सेल्स' या चित्रपटातून चीनच्या भिंतीला भगदाड पाडण्याचा प्रसंग का वगळावा याची अंतर्गत चर्चा बाहेर आली. पण चोरीच्या कागदांवर उभं राहणं धोक्याचं. त्याआधी उघड कागद संपवा: कंपनीच्या शैली-सूचना, भाषांतरासाठी जाहीर केलेल्या शब्दयाद्या, ॲपच्या जुन्या आवृत्तीतले मजकूर.

इथेच लोक सर्वांत जास्त घसरतात. गोष्ट दिसत नाही म्हणजे दडपली, हा निष्कर्ष घाईचा आहे. आणि उलटही खरं: कंपनी 'चूक झाली' म्हणते तेव्हा ती दरवेळी खोटंच बोलते असं नाही, पण चुकीचा आकार तपासायला हवा. ४ जून २०२१ रोजी, तियानआनमेनच्या स्मृतिदिनी, मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या त्या माणसाचं चित्र शोधलं तर अमेरिका-युरोपातही काही मिळेना. मायक्रोसॉफ्टने माणसाच्या हातून अनवधानाने झालेली चूक म्हटलं. मान्य केलं तरी प्रश्न उरतो: चूक होऊन ही गाळणी जगभर लागली, म्हणजे गाळणी आधीच तयार होती. कंपनीला विचारायचा प्रश्न हा.

तुम्ही आतच काम करत असाल तर

अशा कंपन्यांचं भाषांतर, चाचणी, मजकूर-तपासणी आणि ग्राहकसेवेचं पुष्कळ काम पुणे-बंगळुरूत चालतं. हुकूम हिंजवडीतल्या टेबलावर तिकीट, म्हणजे कामाची नोंद, बनून येतो: 'या यादीतून हा शब्द काढा.' तिकीट बंद करण्याआधी चार रकाने भरून मागा: कुणी सांगितलं, कुठल्या देशाचा कुठला कायदा आणि कलम, कुठल्या देशापुरतं, कधीपर्यंत. बदल फक्त त्या देशाच्या भाषा-फाइलमध्ये करा. मूळ इंग्रजी फाइलला हात लावला की बदल सगळ्या भाषांत झिरपतो, मराठीतही. जागतिक 'अपघात' अशाच आळसातून होऊ शकतात. ९० दिवसांनी फेरतपासणीची तारीख टाका, नाहीतर तात्पुरती गाळणी कायमची होते.

जून २०२०मध्ये झूमने तियानआनमेनच्या स्मरणसभा घेणाऱ्या अमेरिका आणि हाँगकाँगमधल्या लोकांची खाती बंद केली. नंतर ती परत सुरू करून, चीनच्या मुख्य भूमीबाहेरच्या कुणावरही चीन सरकारच्या मागणीचा परिणाम होऊ देणार नाही असं जाहीर केलं. ठिकाणानुसार अडवायची सोय आधी नव्हती म्हणून सगळंच बंद करावं लागलं, असा तिचा खुलासा होता. ती सोय आधी बांधून ठेवणं हे अभियंत्याचं काम आहे, आणि ते छोटं काम नाही.

कंपनीचं सोशल मीडिया खातं चालवत असाल तर ते स्वतःच्या फोनवर उघडू नका आणि लाइकसुद्धा दोन माणसांच्या मंजुरीने जाऊ द्या. ओमाहाचं प्रकरण आठवा. आतले कागद बाहेर काढू नका, त्यात नोकरीबरोबर खटल्याचाही धोका आहे. एकत्र सही करणं जास्त सुरक्षित आणि जास्त परिणामकारक. गूगलच्या चीनसाठीच्या सेन्सॉर केलेल्या शोधयंत्राची बातमी ऑगस्ट २०१८मध्ये आली, तेव्हा सुमारे १,४०० कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या. पुढच्या वर्षी तो प्रकल्प संपल्याचं कंपनीने सांगितलं.

कंपनीला विचारणं आणि लिहिणं

बाहेरचा दबाव चालतो, पण नेमका असला तर. ऑगस्ट २०१७मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने 'द चायना क्वार्टर्ली' या आपल्या संशोधन-नियतकालिकाचे ३१५ लेख आणि परीक्षणं चीनमध्ये रोखली. गोष्ट जाहीर झाल्यावर लेखांची यादी हाताशी होती, लेखक-संपादक ओळखीचे होते आणि बहिष्काराची भाषा स्पष्ट होती. मोजक्या दिवसांत, २१ ऑगस्टला, निर्णय फिरला. त्याच वर्षी स्प्रिंगर नेचर या प्रकाशनसंस्थेने चीनमध्ये लेख रोखले, ते आपल्या एकूण मजकुराच्या एक टक्क्याहून कमी आहेत असं सांगितलं आणि मागे हटली नाही. 'एक टक्का' ऐकायला लहान वाटतो. म्हणून टक्केवारीवर समाधान मानू नका, यादी मागा.

प्रश्न असे पाठवा की हो-नाही किंवा तारीख एवढंच उत्तर येईल. बदल कोणत्या तारखेला केला? कुठल्या देशात दिसतो? सरकारची लेखी मागणी आली होती का, कुणाची? मागणी नसेल तर निर्णय कोणत्या पदावरच्या माणसाने घेतला? तुमच्या पारदर्शकता अहवालात याची नोंद होणार का? ४८ तास द्या आणि शनिवार-रविवार मोजू नका. 'तुम्ही चीनला शरण गेलात का?' असा प्रश्न विचारलात तर 'आम्ही सर्व देशांचे कायदे पाळतो' एवढीच ओळ परत येईल.

लिहिताना शब्द मोजून वापरा. पान तुम्हाला दिसलं नाही तर 'अमुक दिवशी अमुक ठिकाणाहून दिसलं नाही'. दोन देशांत फरक सापडला तर 'त्या देशापुरतं रोखलं'. जुनी नोंद आणि नवी नोंद दोन्ही हातात असतील तरच 'हटवलं'. हुकमाचा कागद किंवा कंपनीची कबुली असेल तेव्हाच 'सरकारच्या सांगण्यावरून'. आणि हुकूम नसताना मसुदे बदललेले दिसले तर 'मागणीचा पुरावा नाही, बदल मात्र झाला'. कंपनीचा खुलासा तिच्याच शब्दांत द्या, इंग्रजी आणि स्थानिक भाषेतला वेगळा असेल तर दोन्ही. ॲपलने ऑक्टोबर २०१९मध्ये हाँगकाँगचं पोलिसांच्या जागा दाखवणारं नकाशा-ॲप काढलं, तेव्हा पोलिसांवर हल्ल्यासाठी ते वापरलं गेल्याचं कारण दिलं होतं. आदल्याच दिवशी चीनच्या सरकारी 'पीपल्स डेली'ने त्या ॲपवरून ॲपलला झोडपलं होतं. दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी, तारखांसह छापली की वाचकाला बाकीचं दिसतं.

छापल्यावर कंपनीने उत्तर दिलं तर ते दुरुस्तीच्या तारखेसह मजकुराच्या वर टाका. चूक तुमची निघाली तर तीही तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत. आणि दुरुस्तीआधीचं आपलं पान वेबॅकवर साठवून ठेवा.